मिरजेत मी आजारी पडतो

मिरजेला माणसे मुख्यतः तीन कारणांनी जातात. एक, आजारी पडल्यामुळे. दोन, तंबोरा घ्यायचा असल्यामुळे. आणि तीन, गाडी बदलण्यासाठी. मी गेलो तो आजारी पडण्यासाठी. आजारी पडल्यामुळे नव्हे, पडण्यासाठी. मराठीच्या मास्तराला असे फरक करण्याची खोड असते, पण या वेळी फरक खरा होता. प्रकृती ठणठणीत होती आणि पुण्याहून निघताना पिशवीत डबाही भरपूर होता.

त्याचे असे झाले. माझा एक शाळासोबती तिकडे मिरजेच्या आसपासच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनचा प्राध्यापक आहे. फाल्गुनात एके रात्री त्याचा फोन आला.

"तुला नाटकात काम करायची फार हौस होती ना?"

"होती. गॅदरिंगमध्ये मी पडलो तेव्हा गेली."

"तर मग एक भूमिका आहे. नायक तूच. संवाद मराठी. प्रेक्षक एका वेळी दोन. प्रयोग अठरा, एकाच सकाळी."

भूमिका रोग्याची होती. विद्यार्थ्यांची सहामाही परीक्षा होती आणि तिच्यात खऱ्या रोग्याऐवजी एक शिकवून तयार केलेला रोगी हवा होता. दरवेळी दवाखान्यातला एखादा शिपाई किंवा कारकून पकडत, पण विद्यार्थी त्यांना ओळखतात. शिवाय तीन-चार विद्यार्थी झाले की कंटाळून ते रोगाचे नावच सांगून टाकतात. "तुला कोणी ओळखत नाही," मित्र म्हणाला. मराठी साहित्यात वीस वर्षे लुडबूड केलेल्या माणसाला हे वाक्य जरा लागते. पण मी हो म्हटले.

कोयना एक्स्प्रेसने निघालो. कऱ्हाड मागे पडले, किर्लोस्करवाडी आली. मराठीच्या माणसाने इथे खिडकीबाहेर डोके काढायचे असते, कारण नांगराच्या या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. मग सांगली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले ते याच गावी. मी मनात म्हटले, ज्या मुलखात मराठी माणसाने प्रथम तोंडाला रंग लावला, तिथेच आपण बिनरंगाचे सोंग घेणार आहोत. भाव्यांनी सांभाळून घ्यावे.

मिरज हे तसे देखणे गाव नाही. स्टेशनाबाहेर रिक्षा, औषधांची दुकाने, आणि औषधांच्या दुकानांना लागून पुन्हा औषधांची दुकाने. पाट्या मराठीत, बोलणे निम्मे कानडीत. इथल्या डॉक्टरकीचा इतिहास मोठा आहे. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉन्लेस मिशनचे काम करण्यासाठी १८८९ साली या बाजूला आले. १८९४ साली त्यांचे रुग्णालय मिरजेत उघडले. पुढे त्याच्या जोडीने त्यांनी वैद्यकीय शाळाही चालवली, आणि कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रोगी बैलगाड्यांतून आणि आगगाड्यांतून मिरजेला येऊ लागले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले १९६२ साली. म्हणजे विद्यार्थ्याने रोग्यासमोर उभे राहून घाम पुसण्याची परंपरा इथे शंभर वर्षांहून जुनी आहे.

दुसरी परंपरा गाण्याची. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले; त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात तिथे गवई हजेरी लावतात. आणि तिसरी सतारमेकरांची. पूर्वी हत्यारे करणारी ही शिकलगार घराणी. हत्यारांचे दिवस सरल्यावर त्यांनी तंतुवाद्ये हातात घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण गल्लीत शिरल्यावर मानांकनाची कुणाला शुद्ध दिसत नाही. लाकडाचा भुसा, सरसाचा वास, आणि छताला टांगलेले भोपळे. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात.

संध्याकाळी मित्र मला त्या गल्लीत घेऊन गेला. एका दुकानात एक म्हातारे कारागीर बसले होते. समोर त्यांचा नातू भोपळे वेगळे करीत होता. तो एकेक भोपळा मांडीवर घेई, बोटाच्या पेराने टिचकी मारी, कान जवळ नेई, आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवी. म्हातारे काही बोलत नव्हते. जवारी घासता घासता नुसते ऐकत होते. मधेच त्यांनी उजवीकडचा एक भोपळा ओढून घेतला, स्वतः वाजवला आणि मुकाट्याने डावीकडे ठेवला. नातवाने तो पुन्हा वाजवून पाहिला आणि मान हलवली.

"पाहिलंस?" मित्र बाहेर आल्यावर म्हणाला. "ही परीक्षा. आम्हांला हे करायला शंभर वर्षं लागली."

मग त्याने मला एक गोष्ट सांगितली ती मजेची आहे. डॉक्टर छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकतात ना, ती युक्ती ऑस्ट्रियातल्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरची. त्याच्या बापाची ग्राट्झ गावी खाणावळ होती. पिंपात दारू कुठवर आहे ते पिंप ठोकून कळते, हे पोराने तिथे पाहिले असावे असे सांगतात. गृहस्थ गाण्यातला जाणकार. सालिएरीच्या एका ऑपेराची संहिताही त्याने लिहिली. १७६१ साली त्याने छाती ठोकण्यावर लॅटिनमध्ये लहानसे पुस्तक छापले आणि कुणी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १८०८ साली कॉर्व्हिसार या फ्रेंच डॉक्टरने त्याचे भाषांतर केले, तेव्हा कुठे जग छाती ठोकू लागले. भाषांतरकारांना कुणी मान देत नाही अशी तक्रार करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांसाठी ही गोष्ट मी टिपून ठेवली आहे. आणि १८१६ साली कागदाची सुरळी करून छाती ऐकणारा, स्टेथोस्कोपचा जनक लायनेक, तोही बासरी वाजवणारा. तात्पर्य काय, की डॉक्टरकीच्या मुळाशी कान आहे.

रात्री जेवणानंतर मित्राने परीक्षेचे पुराण सुरू केले. त्यांच्या वेळी विद्यार्थ्याला एक रोगी नेमून देत. त्याने तासभर त्याच्याशी बोलायचे, त्याला तपासायचे, मग परीक्षक येऊन विचारणार, "काय सापडलं?" यात गोम अशी, की विद्यार्थी रोग्याशी कसा बोलला, पोटावर हात ठेवण्याआधी तो हात चोळून ऊन केला का, हे परीक्षकाने पाहिलेलेच नसे. एकाला बोलका रोगी मिळे, दुसऱ्याला बहिरा. काही रोगी तर दरवर्षीचे मानकरी. घाबरलेला पोरगा दिसला की ते हळूच म्हणत, "झडपेचा आजार हाय, मायट्रल म्हणून लिवा." अशा पुण्यवान माणसांच्या कृपेने महाराष्ट्रात किती डॉक्टर झाले असतील याचा हिशेब नाही.

नशिबाचा हा खेळ कमी करण्यासाठी स्कॉटलंडमधल्या डंडी गावी रोनाल्ड हार्डन या प्राध्यापकाने नवी परीक्षा काढली आणि १९७५ साली ती प्रसिद्ध केली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ऑस्की' म्हणतात. एक मोठा रोगी देण्याऐवजी लहान लहान मुक्काम. एका मुक्कामी रोग्याची हकीकत विचारायची, दुसऱ्या मुक्कामी रक्तदाब घ्यायचा, तिसरीकडे एक्स-रे वाचायचा. प्रत्येक ठिकाणी वेळ ठरलेला, प्रश्न सर्वांना तोच, आणि परीक्षकाच्या हातात छापील यादी. घंटा झाली की सगळे एकेक घर पुढे सरकणार. सोंगाचा रोगी ही कल्पना त्याहून जुनी; हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूच्या डॉक्टरने १९६३ साली लॉस एंजेलिसला ती प्रथम अमलात आणली. तेव्हा पुष्कळ डॉक्टर त्याला हसले म्हणतात.

"आता तुझा आजार," मित्र म्हणाला. त्याने कागद पुढे केला. वय बावन्न. मधुमेह. तंबाखू. हृदयविकाराचा झटका, पण छातीत सरळ दुखत नाही असा. मधुमेह्यांत, म्हाताऱ्या माणसांत आणि बायकांत असे पुष्कळदा होते. "दुखतंय का विचारलं तर 'नाही' म्हणायचं. पण मग काय होतंय ते तू तुझ्या शब्दांत सांग. पुस्तकी नको. आमची पोरं मराठीचे शब्दच विसरलीत. २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला, त्यात सुरुवातीला स्थानिक भाषा शिकवायचीही सोय केली. शिकवलं काय, तर 'तुमचं नाव काय' आणि 'श्वास घ्या, सोडा'. रोगी म्हणतो कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, रग लागते, आणि पोरं लिहितात 'पेन'. एकच शब्द."

मी कागदावर लिहिले : 'दुखत काही नाही, पण उरावर कुणी पाटा ठेवल्यावानी वाटतंय.'

"वा!" मित्र म्हणाला. "कुठून काढलंस?"

"असंच," मी म्हटले.

सकाळी आठला मला एका लांबट खोलीत पडदे लावून केलेल्या सहाव्या कप्प्यात खाटेवर बसवले. कोपऱ्यात एक तरुण अध्यापक यादी घेऊन. वीस गुणांची यादी : स्वतःचे नाव सांगितले, रोग्याचे नाव विचारले, तक्रार केव्हापासून, कुठे, हातात किंवा जबड्यात जाते का, घाम, धाप, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, घरात कुणाला. सात मिनिटे. शेवटी माझ्याही हातात पाच गुण होते. त्यासाठी मला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते : या डॉक्टरकडे तुम्ही पुन्हा याल का?

घंटा वाजली आणि मी आजारी पडलो.

पहिल्या चार-पाच विद्यार्थ्यांपुढे मला रंगभूमीची भीती वाटत होती. नंतर लक्षात आले, की माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले आहेत. एकाने स्वतःचे नाव सांगायच्या जागी माझेच नाव सांगितले. एकाने पाठ केलेली प्रश्नावली इतक्या वेगाने सोडली, की तो मला माझ्या बाळंतपणांविषयी विचारू लागला आणि मग स्वतःच दचकून थांबला. कोपऱ्यातले परीक्षक यादीमागे तोंड लपवून हसत होते. एका मुलीचा हात बर्फासारखा गार होता. नाडी पाहताना माझीच नाडी दचकली.

पण हळूहळू मला हसू येईनासे झाले. प्रत्येकजण विचारी, "काका, छातीत दुखतंय का?" मी म्हणे, "दुखत काही नाही, पण उरावर कुणी पाटा ठेवल्यावानी वाटतंय." आणि 'नाही' हा शब्द कानावर पडताच त्यांच्या डोळ्यांत एक झाप बंद होई. पुढचे वाक्य ते ऐकत, पण ते त्यांच्या कामाचे नसे. "बरं. मग जळजळ होते का? ढेकर येतात?" मी सात मिनिटांत पित्ताचा रोगी होऊन जाई. हुशार मुलेही. किंबहुना तीच. एक उंच, रुबाबदार पोरगा आला. इतका नीट बोलला, की मी त्याला माझी मुलगीही दिली असती. यादीतले जवळजवळ सगळे त्याने विचारले. शेवटी माझा हात हातात घेऊन म्हणाला, "काळजी करू नका काका, गॅसेसचा त्रास दिसतोय." परीक्षकांनी त्याला सतरा गुण दिले.

मी त्या खाटेवर बसून भिंतीकडे पाहत राहिलो. कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते.

पाट्याचे ते वाक्य माझे नव्हते, आईचे होते. माण तालुक्यातली ती. तिला आयुष्यात शब्द कमी पडले नाहीत. सहा वर्षांपूर्वी मी तिला एका दवाखान्यात घेऊन गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "आजी, छातीत दुखतंय का?" ती म्हणाली, "दुखत नाय बाबा, पण उरावर कुणी पाटा ठेवल्यावानी वाटतंय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी शिकलेला मुलगा, दुभाष्या. मी म्हणालो, "नाही, दुखत वगैरे नाही. तिचं असंच असतं बोलणं." पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. त्या डॉक्टरांना मी पुष्कळ दिवस मनातल्या मनात शिव्या दिल्या. माझ्या वाक्याची आठवण मात्र मी कुणाला होऊ दिली नाही. आणि महाविद्यालयात जाऊन उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला फरक शिकवीत राहिलो.

चौदावी आली ती एक बुटकी, सावळी मुलगी. अखिल भारतीय कोट्यातून ओडिशाहून आलेली. तिने अडखळत नाव सांगितले, माझे विचारले. छातीत दुखते का? मी माझे वाक्य म्हटले. ती थांबली. हातातल्या वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"काका, पाटा म्हणजे काय असते?"

तेरा जणांना पाटा ठाऊक होता. ठाऊक असल्यामुळे त्यांनी विचारले नव्हते.

"अगं, मसाला वाटायचा दगड असतो तो."

"केवढा? कुठे ठेवला असं वाटते? हाताने दाखवा ना."

मी काही ठरवले नव्हते. माझी मूठ आपोआप वळली आणि छातीच्या मधोमध जाऊन बसली. मुलगी त्या मुठीकडे बघत राहिली. मग तिचे प्रश्न बदलले. हा दगड केव्हा आला? जिना चढताना जड होतो? बसले की हलका? घाम आला होता? रात्री झोप आली? प्रत्येक उत्तरासाठी ती थांबत होती, कारण माझे मराठी तिला मनात उलटवून घ्यावे लागत होते. सात मिनिटे अशी जातात. तंबाखू राहिली, मधुमेह राहिला, घरात कुणाला, ते राहिले. घंटेच्या आधी ती एवढेच म्हणाली, "काका, आपण आधी कार्डिओग्राम काढू. बाकीचं मी नंतर विचारते."

यादीवर तिला अकरा मिळाले.

पुढचे चार प्रयोग मी कसे केले मला आठवत नाही. दुपारी जेवताना मी मित्राशी भांडलो. म्हटले, तुमच्या यादीत 'पाटा म्हणजे काय' याला गुण का नाही? सतरावाला मला घरी पाठवतो आणि अकरावाली वाचवते, ही कसली परीक्षा?

तो शांतपणे भात कालवीत होता. "तुझं खरं आहे, पण अर्धं. खरा रोगी असा आला, की दहा मिनिटांत कार्डिओग्राम निघाला पाहिजे; ते तिनं केलं. पण मधुमेह विचारला नाही हेही खरं. उद्या दुसरा रोगी पाटा म्हणणार नाही, तेव्हा ती काय करील?" मग म्हणाला, की यादीची खोट त्यांनाही ठाऊक आहे. टोरांटोच्या संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले, की मुरलेल्या डॉक्टरांना अशाच परीक्षेला बसवले तर यादीवर त्यांना विद्यार्थ्यांपेक्षा कमी गुण पडतात. कारण जाणता माणूस सगळे प्रश्न विचारीत बसत नाही. एकंदर कसे केले असा शेरा मागितला, की तीच माणसे वर येतात. म्हणून यादीशेजारी शेऱ्याचाही रकाना असावा लागतो. जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकनाने १९९० साली चार पायऱ्या सांगितल्या : माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि करतो. ऑस्की तिसऱ्या पायरीपर्यंत पोचते. चौथीसाठी परीक्षकाने वॉर्डात जाऊन, खऱ्या रोग्याजवळ विद्यार्थी काय करतो ते वीसेक मिनिटे गुपचूप पाहावे आणि लगेच त्याला दोन शब्द सांगावेत. "काल त्या सतारवाल्यानं केलं तसं. पण त्याला नातू एक. मला शंभर. आणि वॉर्डात रोज शेकडो माणसं."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही मराठीच्या उत्तरपत्रिका मिनिटाला एक या वेगाने तपासतो. मी कोणत्या तोंडाने बोलणार?

"तू तुझे पाच गुण कसे दिलेस?" त्याने विचारले.

"सतराला दोन. तिला पाच."

"मग तिला सोळा झाले. सतराला एकोणीस." तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "त्या वाक्याची हकीकत सांग आता."

मी सांगितली. वहिनी ताक वाढता वाढता थांबल्या. मित्र काही बोलला नाही. खिशातून पेन काढून सहाव्या मुक्कामाच्या यादीवर त्याने एक ओळ वाढवली. 'रोग्याच्या शब्दाचा अर्थ रोग्यालाच विचारला : गुण ३.' मग जरा विचार करून तीनाचे चार केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे पाच-सहा विद्यार्थी चहाला आले. प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला काही मुले असतात, त्यांची सुखदुःखे त्याने पाहायची. त्यांत ती ओडिशाची मुलगी होती, आणि सतरावालाही. मला ठणठणीत पोहे खाताना पाहून सगळी हसली. आदल्या दिवसाचे गुण त्यांना कळले नव्हते. पण मित्राने सहाव्या मुक्कामाचा रोग सांगून टाकला, तेव्हा त्या उंच मुलाच्या हातातला कप बशीत नीट बसेना. "पण सर, ते दुखत नाही म्हणाले," तो हळूच म्हणाला. मी त्याच्याजवळ सरकून बसलो. म्हटले, "मीही असंच ऐकलं होतं एकदा." त्याला ते कळले नसावे.

मुलगी वहिनींना काहीतरी विचारीत होती. वहिनी तिला मागच्या दारी घेऊन गेल्या. मिक्सर आल्यापासून त्यांचा पाटा न्हाणीघराच्या भिंतीशी उभा करून ठेवलेला होता. आम्ही सगळेच मागे गेलो. मुलीने ओढणी कमरेला खोचली, वाकली, दोन्ही हात घातले आणि उचलायला गेली. तो वीतभरही हलला नाही.

"काकू," ती मान वळवून म्हणाली, "एवढा?"

उंच मुलगा पुढे झाला आणि त्याने दुसऱ्या बाजूने हात घातला.